मामांच्या जुन्या धनुष्याला कोणती दोरी लावू? (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. शहाद्याच्या एका भाऊंना मामांच्या घरी माळ्यावर जुनं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य सापडलंय, बेअर कंपनीचं ग्रिझली, मामा खूप वर्षांपूर्वी अमेरिकेत होते तेव्हाचं. लिंबवर (कडुलिंब नाही, धनुष्याचा वरचा नि खालचा वाकणारा भाग) ५८ इंच आणि ४५ पाउंड लिहिलंय, ग्रेलिंग मिशिगन असंही वाचता येतंय. दोरी पार गेलेली, मधे धागे सुटलेत आणि बोटं फिरवली की मेणाचा भुगा पडतो. दुकानदार त्यांना सांगू राहिला की फास्ट फ्लाइट टाका, सगळ्यात मजबूत, बाण पण जोरात जातो. तर टाकायची का?

नका टाकू भो.

एवढंच उत्तर पाहिजे असेल तर डॅक्रॉनची, चौदा धाग्यांची, एएमओ ५८ मापाची फ्लेमिश (म्हणजे वळलेली) दोरी मागवा आणि मोकळे व्हा. पण असं का, हे कळलं नाही तर पुढचा दुकानदार पुन्हा तुम्हाला गुंडाळेल, म्हणून बाकीचं लिहितोय. मी चोपड्याला राहतो, पोरांना धनुर्विद्या शिकवतो आणि वीसेक वर्षं दोऱ्या बनवतोय, त्यात अर्धी कामं अशीच येतात, कुणाच्या काकांचं, कुणाच्या सासऱ्यांचं, कुठल्या कॉलेजच्या जिमखान्यात धूळ खात पडलेलं.

तर आधी ते ग्रेलिंग. फ्रेड बेअरचा कारखाना १९४७ पासून मिशिगनमधल्या ग्रेलिंगला होता आणि १९७८ ला तो फ्लोरिडात गेन्सव्हिलला हलवला. म्हणजे तुमच्या धनुष्यावर ग्रेलिंग असेल तर ते १९७८ च्या आधीचं धरून चाला. मुठीच्या वरच्या बाजूला एक गोल नाणं बसवलेलं असतं ते बघा, लाकडाच्या पातळीत सपाट बसवलेलं धातूचं नाणं असेल तर १९५९ ते १९७२ मधलं, वर उचललेलं असेल तर त्यानंतरचं. आता फास्ट फ्लाइट बाजारात आली ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. ज्या माणसाने तुमच्या धनुष्याची टोकं घासली, खाच पाडली, त्याने असली दोरी डोळ्यांनी पाहिली पण नव्हती. त्याने हिशोब केला तो डॅक्रॉनचा. धनुष्य आणि दोरी ही जोडी असते, जोडीतला एक जण पन्नास वर्षांनी तरुण आणि कडक आणला तर दुसऱ्याचे हाल होणारच.

डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, बाकी काही जादू नाही. बी-५० नाव ऐकलं असेल, आता बी-५५ पण मिळतं, दोन्ही चालतील. फास्ट फ्लाइट, डायनीमा, डी-९७, ८१२५, ८१९० ही सगळी वेगळ्या खानदानातली मंडळी, पॉलिइथिलीनचे अतिशय ताकदवान धागे. यांच्यातला मुख्य फरक ताकदीचा नाही, ताणण्याचा आहे. डॅक्रॉन जोर बसला की अडीच टक्क्यांच्या आसपास ताणतं, फास्ट फ्लाइट त्याच्या निम्म्याहून कमी.

हे का महत्त्वाचं ते शेतातल्या उदाहरणाने सांगतो. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर फसतो तेव्हा बघा, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायला लोखंडी तारेचा दोर लावला आणि ड्रायव्हरने क्लच झटक्यात सोडला की दोराला काही होत नाही, हूक तुटतो नाहीतर खालचा पट्टा वाकतो. तेच जाड नायलॉनचा दोर लावला तर तो आधी ताणतो, झटका पोटात घेतो आणि मग ओढतो. धनुष्यात बाण सुटतो त्या क्षणी दोन्ही लिंब जोरात पुढे झेपावतात आणि त्यांना थांबवणारी एकच गोष्ट असते, दोरी. बाण बराचसा जोर घेऊन जातो पण जो उरतो तो कुठेतरी जिरायला पाहिजे. डॅक्रॉन स्वतः ताणून थोडा जिरवते. फास्ट फ्लाइट म्हणते मी नाही ताणणार, आणि सगळा दणका जातो टोकाला, म्हणजे जिथे दोरीचा फासा खाचेत बसतो तिथे. वरून ती दोरी बारीक असते, त्यामुळे तो दणका पण सुरीच्या धारेसारखा एका रेघेवर बसतो.

आता "मजबूत" या शब्दाचा हिशोब करू, कारण दुकानदार तिथेच फसवतो. मुद्दाम फसवतो असं नाही म्हणत, त्याला पण कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं. डॅक्रॉनचा एक धागा साधारण ५० पाउंड ओढ सहन करतो. बारा धागे घेतले तर ६००. तुमचं धनुष्य ४५ पाउंडाचं. म्हणजे सगळ्यात स्वस्त दोरी पण तेरापट मजबूत आहे, अजून किती मजबूत पाहिजे? दोरी सुटताना ४५ पेक्षा बराच जास्त झटका बसतो हे मान्य, पण तेवढा वाव त्यात धरलेलाच असतो. दोरी ही जुन्या धनुष्यात सगळ्यात स्वस्त भाग आहे, झिजायचंच असेल तर तिने झिजावं. मामांच्या लिंबने नाही.

हे मी पुस्तकातून नाही सांगत आहे. सुरुवातीच्या काळात मलाही वेगाची हौस होती. धुळ्याच्या एका गृहस्थांचं जुनं लॉंगबो (टोकं न वळलेलं लांब धनुष्य) माझ्याकडे आलं होतं, दोरी बदलायला, आणि माझ्याकडे नवीनच आलेलं फास्ट फ्लाइटचं रीळ होतं. म्हटलं याला झकास करून देतो. दहा धाग्यांची बारीक दोरी केली, फाशात जादा धागे पण नाही घातले, चढवली, आणि खरं सांगतो पहिले वीस-तीस बाण असे गेले की मी स्वतःवर खुश. संध्याकाळ होत आली होती, शेवटचा एक मारू म्हणून ओढला आणि सोडला तर "कट्" असा बारीक आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. धनुष्य तुटलं नाही. पण वरच्या टोकाला बघितलं तर दोरी खाचेतून लाकडात तांदळाच्या दाण्याएवढी आत गेलेली, आणि तिथून फायबरची पट्टी नखभर उचलली होती. मी एपॉक्सी घातला, दोऱ्याने गुंडाळून बांधलं, पण त्या धनुष्यावर पुन्हा पूर्ण ताण द्यायची माझी हिंमत झाली नाही. ते गृहस्थ एका शब्दाने बोलले नाहीत, चहा पिऊन धनुष्य घेऊन गेले, आणि तेच जास्त लागलं.

काही जण म्हणतील की फाशात जादा धागे भरून जाड केला तर जुन्यावर पण फास्ट फ्लाइट चालते. हो, लोक लावतात, काहींची वर्षानुवर्षं टिकतात पण. जाड फाशाने चिरण्याचा प्रश्न कमी होतो, दणक्याचा नाही होत. आणि मिळतं काय, तर थोडासा वेग, वीस मीटरवर उभं राहून तुम्हाला कळणार पण नाही एवढा. नवीन धनुष्य, ज्याच्या टोकांवर मायकार्टा (राळेत भिजवलेल्या कापडाचा कडक पत्रा) किंवा फायबरचे थर चढवलेत आणि बनवणाऱ्याने स्वतः सांगितलंय की चालेल, त्यावर खुशाल लावा, मी स्वतः वापरतो. मामांच्या धनुष्यावर नाही.

बरं, दोरी मागवायच्या आधी एक काम. धनुष्य दोरी चढवण्याच्या लायकीचं आहे का ते बघा, लोक इथेच घाई करतात. आपल्याकडे कापसाला तोटा नाही, एक मूठभर साधा कापूस घ्या, आणि लिंबच्या कडांवरून, पुढून मागून, टोकापासून मुठीपर्यंत हलका फिरवत न्या. जिथे तंतू अडकून राहील तिथे चीर आहे किंवा फायबरची कूस उभी आहे, पेन्सिलने खूण करा. मग त्या खुणांवर आडवं नख फिरवा. जुन्या धनुष्यांवर वरच्या लॅकरला बारीक बारीक तडे गेलेले असतात, बघून घाबरायला होतं पण नख अडकत नसेल तर बहुतेक ते फक्त पॉलिशचं दुखणं असतं. फायबरमधे लांबीच्या दिशेने गेलेल्या बारीक पांढऱ्या रेषा पण या जुन्या बेअरमधे पुष्कळदा दिसतात, तेवढ्याने धनुष्य बाद नाही होत. आडवी चीर, नख अडकतंय, किंवा दोन थरांच्या मधे कागद सरकतोय, असं काही दिसलं तर दोरी बिरी विसरा, भिंतीवर टांगा, मामांची आठवण म्हणून छान दिसेल. टोकाच्या खाचा भिंगातून बघा, त्यात धारदार कड असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर दोऱ्यासारखा गुंडाळून दोन-चार वेळा फिरवा, खोल करायची नाही, फक्त कड मोडायची.

आणि हो, माळ्यावर होतं म्हणालात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. उष्णतेने जुना चिकट थर सुटतो आणि कोपऱ्यात तिरकं उभं ठेवलेलं असेल तर लिंब पिळवटतं. पिळवटलंय का ते दोरी चढवल्यावर कळतं, ते पुढे सांगतो.

आता लांबी. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. एएमओ म्हणजे आर्चरी मॅन्युफॅक्चरर्स ऑर्गनायझेशन, त्यांनी मापं ठरवून दिली, म्हणून धनुष्यावर एएमओ ५८ असं लिहितात. याचा अर्थ दोरी ५८ इंचाची नाही. रिकर्व्हला दोरी धनुष्याच्या एएमओ लांबीपेक्षा साधारण चार इंच कमी असते, लॉंगबोला तीन इंच. म्हणजे तुमची खरी दोरी ५४ च्या आसपास. काही लोक रिकर्व्हला साडेतीन पण धरतात, ते पिळाने जुळवून घेता येतं. मागवताना "५८ ची दोरी द्या" असं नुसतं म्हणालात तर एक जण ५८ इंच धनुष्याची देईल, दुसरा खरोखर ५८ इंच लांब दोरी देईल, आणि ती चढवल्यावर लोंबेल. म्हणून वाक्य असं लिहा, "एएमओ ५८ इंच रिकर्व्हसाठी, दोरीची प्रत्यक्ष लांबी ५४ इंच". दोन्ही लिहा. माझ्याकडे दर महिन्याला एक तरी माणूस चुकीची दोरी घेऊन येतो आणि म्हणतो सर थोडी कापून द्या, दोरी म्हणजे काय पायजम्याची नाडी आहे का कापायला.

आकडा पुसला गेला असेल तर मोजायचं कसं, तर दोरी उतरवलेल्या अवस्थेत, धनुष्याच्या पाठीवरून म्हणजे निशाणाकडे जी बाजू असते तिच्यावरून, वरच्या खाचेपासून खालच्या खाचेपर्यंत, टेप वळणावरून चिकटवत. शिंप्याचा टेप घ्या, लोखंडी नको, तो वळणावर उचलतो. जुनी दोरी मोजून त्यावर विसंबू नका, पन्नास वर्षांत ती ताणली किती, तिला पीळ किती होता, आणि मुळात ती मूळचीच होती की मामांनी नंतर कुठली तरी लावली, काही सांगता येत नाही.

आपल्याकडे अजून एक अडचण. भारतात दुकानात तयार मिळणाऱ्या डॅक्रॉनच्या दोऱ्या जास्त करून इंडियन राउंड स्पर्धेच्या लाकडी धनुष्यांसाठी असतात, ३० आणि ५० मीटरवाल्या, आणि ती धनुष्यं तुमच्या ग्रिझलीपेक्षा बरीच लांब. ती दोरी घेऊन गाठ मारून छोटी करू असा विचार कुणी करत असेल तर करू नका. गाठ जिथे असते तिथे धागा आधी तुटतो आणि भरल्या ताणात दोरी तुटली की बाण न लावता धनुष्य रिकामं सुटल्यासारखंच होतं, तो दणका नवीन लिंबला पण सोसत नाही. बनवून घ्या, किंवा शिका.

धागे किती? जुना तक्ता असा आहे की २५ ते ३५ पाउंडाला दहा, ३५ ते ४५ ला बारा, ४५ ते ५५ ला चौदा, त्यावर सोळा. तुमचं ४५ अगदी सीमेवर बसतं. बारा घेतले तर बाण थोडा चपळ, चौदा घेतले तर दोरी थोडी जड, आवाज मऊ, लिंबला आराम. मी चौदा म्हणतो. एक लक्षात ठेवा, ४५ पाउंड हे २८ इंच ओढीला. तुम्ही मामांपेक्षा उंच असाल आणि ३० पर्यंत ओढत असाल तर दर इंचाला दोन-तीन पाउंड वाढतात, म्हणजे पन्नासच्या आसपास जाल, मग तर चौदाच. पण चौदा धाग्यांवर सर्व्हिंग (झीज होऊ नये म्हणून गुंडाळलेला दोरा) चढलं की दोरी जाड होते आणि बाणाचा नॉक (मागच्या टोकाची खाच) बसत नाही, तर मधल्या भागाला बारीक सर्व्हिंगचा दोरा वापरा किंवा नॉक मोठ्या खाचेचे घ्या. परीक्षा सोपी आहे, बाण दोरीला अडकवून धनुष्य आडवं धरा, बाण खाली लोंबू द्या, पडायला नको. मग दोरीवर एक टिचकी मारा, पडला पाहिजे. टिचकीने पण पडत नसेल तर घट्ट, नुसता हलवला तरी पडत असेल तर सैल, आणि सैल जास्त धोक्याचा कारण ओढलेल्या अवस्थेत बाण निसटला तर तेच रिकामं सुटणं.

आता प्रकार. एंडलेस म्हणजे एकच धागा गोल गोल फिरवून केलेली, फाशांवर दोरा गुंडाळलेली. फ्लेमिश म्हणजे वळलेली. दोन्ही चालतात, बेअरवर दोन्ही लागतात, पण जुन्या धनुष्याला माझा कल फ्लेमिशकडे कारण फाशात धागे दुप्पट होतात, खाचेत जाड गादीसारखा बसतो, आणि पिळाने लांबी कमी-जास्त करायला वाव जास्त मिळतो.

फ्लेमिश नाव ऐकून लोक घाबरतात, पण ज्याच्या आजोबांनी पोळ्याआधी ओट्यावर बसून अंबाडीचे कासरे वळलेत त्याला हे पाच मिनिटांत कळतं. अगदी तेच आहे. सात-सात धाग्यांच्या दोन जुड्या घ्यायच्या, टोकं एकसारखी न कापता पायरीपायरीने कमी-जास्त ठेवायची म्हणजे दोरी पुढे हळूहळू बारीक होते, एकदम खड्डा पडत नाही. मेण लावायचं, सढळ हाताने. आमच्याकडे सातपुड्यातून मधाचं मेण येतं, त्यात थोडी राळ वितळवून मिसळली की असं चिकट होतं की जुडी हातात काडीसारखी उभी राहते. मग एक जुडी आपल्यापासून लांबच्या दिशेला पिळायची, आणि पिळलेली ती दुसरीवरून आपल्याकडे आणायची. मग दुसरी पिळायची, वरून आणायची. पिळा तिकडे, आणा इकडे. प्रत्येक जुडीचा पीळ एका दिशेला आणि दोघींचा मिळून पीळ उलट्या दिशेला, म्हणून ती एकमेकींना सोडत नाहीत, गाठ नाही, डिंक नाही, काही नाही. माझे आजोबा पायाच्या अंगठ्यात अंबाडी अडकवून हेच करायचे, त्यांना फ्लेमिश म्हणजे काय विचारलं असतं तर म्हणाले असते कुठली बिस्किटं का.

वरचा फासा मोठा, खालचा लहान. वरचा मोठा अशासाठी की दोरी उतरवली की तो लिंबवर खाली सरकतो. पण फार मोठा केला तर खाचेत बाजूला सरकतो, फार लहान केला तर खाचेवर चढून बसतो आणि खाली पूर्ण टेकत नाही. चढवल्यावर दोन्ही टोकांना बघा, फासा खाचेच्या तळाला बसलाय का, आणि रिकर्व्हच्या पोटावर मधोमध जी बारीक नाली असते तिच्यात दोरी सरळ पडलीय का. दोरी एका बाजूला घसरत असेल तर लिंब पिळवटलंय. थोडंसं असेल तर उलट्या बाजूला हाताने हलका पीळ देऊन धरून धरून काही दिवसांत सुधारतं, जास्त असेल तर मारू नका, दोरी सटकली तर तोंडावर येते.

चढवायची पण स्ट्रिंगरने (धनुष्याच्या दोन्ही टोकांना अडकवायचा त्यासाठीचा दोर). पोरं पाय घालून मांडीवर वाकवतात ते बंद करा, जुनी लिंबं तिथेच पिळवटतात, मी सांगतो त्यातली निम्मी पिळवटलेली धनुष्यं त्या एका सवयीने गेलीत.

पहिल्यांदा चढवली की लगेच मारत सुटू नका. पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, मग दहा इंच ओढा, हळू परत आणा, असं पाच-सहा वेळा, मग पंधरा, मग वीस, कान उघडे ठेवून. कर्रर्र आवाज आला की तिथेच थांबायचं. आणि बाण नसताना दोरी सोडायची नाही, हे मी शिकवायला सुरू केल्यापासून रोज एकदा म्हणतो आणि तरी रोज एक पोरगं सोडतंच.

ब्रेस हाइट म्हणजे मुठीच्या सगळ्यात खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर. तुमच्या ५८ इंचीला साडेसात इंचापासून सुरू करा, साडेआठपर्यंत जाऊन बघा. दोरी एका टोकातून काढून वळलेल्या दिशेलाच चार-पाच पीळ वाढवा, पुन्हा चढवा, मोजा, सहा बाण मारा. एका ठिकाणी धनुष्याचा आवाज एकदम खाली बसतो, हातातली थरथर कमी होते. तेच तुमचं माप, स्केचपेनने मुठीच्या आत लिहून ठेवा. ५४ इंचाच्या दोरीत एकूण वीस ते तीस पीळ ठीक. त्याच्या खूपच वर जावं लागत असेल, दोरीत बारीक गाठोळ्या दिसायला लागल्या, तर दोरी लांब आहे, बदला. अगदी चार-पाच पिळातच माप ओलांडलं तर आखूड आहे. नवीन डॅक्रॉन पहिल्या पन्नास-शंभर बाणांत ताणतं, ब्रेस हाइट खाली येते, माणसाला वाटतं दोरी खराब निघाली. नाही, चार पीळ अजून द्या, मग ती बसते. नॉक पॉइंट (दोरीवर बाण कुठे अडकवायचा ती खूण) काटकोनापेक्षा अर्धा इंच वर बांधून सुरू करा, बाण कसा निघतो ते बघून हलवा. पक्का करण्याची घाई दोरी बसल्याशिवाय नको.

बाणाबद्दल नाही विचारलं, तरी दोरीचं निम्मं काम बाण करतो म्हणून सांगतो. डॅक्रॉन लावून वरून कंपाउंड (चाकांच्या) धनुष्याचे हलके कार्बन बाण मारले तर सगळं पाण्यात, कारण हलका बाण जोर घेऊन जात नाही, तो लिंबमधेच राहतो. ४५ पाउंडाला बाण ४०० ग्रेनच्या खाली नको, म्हणजे साधारण २६ ग्रॅम, टोकासकट. किराण्याच्या काट्यावर हे कळणार नाही, ओळखीच्या सोनाराकडे जा, जळगावसारख्या सुवर्णनगरीचा तेवढा फायदा घ्यायचा.

काही लोक घरगुती जुगाड विचारतात. केळीच्या घडांना बांधतो ती नायलॉनची दोरी लावू का, तर नको, ती इतकी ताणते की धनुष्यात दमच राहत नाही आणि रोज ब्रेस हाइट वेगळी. मासेमारीचा ब्रेडेड धागा लावू का, हातनूर धरणावर गळ टाकणाऱ्यांकडे असतो तो. तो तर पॉलिइथिलीनचाच असतो, म्हणजे फिरून फास्ट फ्लाइटवरच आलात, फक्त अजून बारीक. पतंगाचा मांजा म्हणणारा पण भेटलाय मला, त्याला मी उत्तर दिलं नाही.

धडगाव, अक्कलकुव्याकडून कधी कधी तीरकामठ्याबद्दल विचारणा येते, की घरच्या कामठ्याला डॅक्रॉन लावू का. भिल्ल-पावरा मंडळींचा कामठा बांबूचा आणि त्याची दोरी पण बांबूच्याच सालीची पट्टी, वळलेली नाही, चिरलेली. ज्याने कामठा केला त्यानेच त्याच हिशोबाने दोरी केलेली असते. तिथे माझं डॅक्रॉन पण परकंच. गावात कामठा करणारा म्हातारा असेल तर त्याच्याकडून पट्टी काढून घ्या, मला विचारू नका, त्या कामात तो माझा बाप आहे.

राहिली देखभाल. मारून झालं की दोरी उतरवा, गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवून भुसावळच्या उन्हात लग्नाला जाऊ नका, आडवं दोन खुंट्यांवर ठेवा. दोरीला आठ-पंधरा दिवसांनी मेण, सर्व्हिंगवर नाही, फक्त उघड्या धाग्यांवर, चिमटीत कातड्याचा तुकडा धरून चोळायचं म्हणजे गरम होऊन आत मुरतं. एक धागा जरी तुटलेला दिसला, फाशाजवळ केस उभे राहिले, तर दोरी निवृत्त. एकाच्या जागी दोन मागवा, दुसरी पण चढवून, पन्नास-शंभर बाण मारून, पीळ मोजून पाकिटावर लिहून ठेवा.

आणि ती मामांची जुनी दोरी लगेच कचऱ्यात टाकू नका. आता ती चढवायची तर अजिबात नाही, पण टेबलावर सरळ पसरा. मधल्या सर्व्हिंगवर मामांनी बांधलेला नॉक पॉइंट अजून असेल, दोऱ्याचा किंवा पितळेचा, आणि मधे तीन बोटं झिजलेली जागा दिसेल. वरच्या फाशापासून नॉक पॉइंटचं अंतर मोजून घ्या, नवीन दोरीवर अर्ध्या इंचाने हिशोब लावल्यावर दोन्ही आकडे जवळ येतात का बघा. फार लांब निघाले तर मला दोन्ही टोकांचे फोटो पाठवा, दोरी उलटी, म्हणजे खालचा फासा वर, लागली असण्याची शक्यता जास्त.